जर-तरचे हिंदकेसरी

सांगलीत सध्या ज्याला-त्याला स्मृती मानधनाला एक ओव्हर टाकायची आहे. तिनं तशी मागणी केल्याचं ऐकिवात नाही; पण उद्या केलीच तर गाव तयार असावं, एवढाच हेतू. विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर, आयर्विन पुलावर वाऱ्याला उभ्या राहिलेल्या मंडळींत, विषय उसाच्या दरावरून निघो नाहीतर महापुराच्या पाण्यावरून, फिरून येतो तो इथंच. वय पंचावन्नच्या पुढं, गुडघ्याला पट्टा, डाव्या हातात भडंगाचा पुडा, आणि उजवं मनगट वळवून दाखवत आप्पा सांगत असतात, "विकेट काढीन असं मी म्हणत नाही. बढाया मारायची सवय नाही मला. पण सहातला एक बॉल बीट करणार म्हणजे करणार. लिहून घे."

लिहून कुणी घेत नाही, हे आप्पांनाही माहीत असतं. खरी गंमत आधीच्या वाक्यात आहे. जर-तरचा पैलवान पूर्ण विजयाचा दावा कधीच करत नाही. भाजी मंडईत करावी तशी स्वतःशीच घासाघीस करत तो खाली येतो. आधी विकेट, मग बीट, मग "निदान चौकार तरी जाऊ देणार नाही", आणि चहाचं बिल कुणी द्यायचं हा प्रश्न उभा राहीपर्यंत "वाइड पडणार नाही, एवढं नक्की." प्रत्येक पायरीवर आपण किती नम्र आहोत, याचा त्याला नव्यानं अभिमान वाटतो.

आता जिनं 20 सप्टेंबर 2025 रोजी दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 50 चेंडूंत शतक ठोकलं, विराट कोहलीचा 52 चेंडूंचा विक्रम मागं टाकला आणि वनडेतलं भारताचं सगळ्यात जलद शतक, पुरुष-महिला सगळे धरून, आपल्या नावावर केलं, तिच्यासाठी आप्पांनी राखून ठेवलेला तो एक चेंडू ऑस्ट्रेलियाच्या एकाही गोलंदाजाला कसा सुचला नाही? मी विचारलं. "त्यांना कुठं माहिती तिचा वीक पॉइंट?" आप्पा म्हणाले. "आम्ही तिला माधवनगरात लहानाची मोठी होताना बघितलंय." एवढ्या शेजारधर्माचा फायदा ऑस्ट्रेलियाला मिळणं शक्यच नव्हतं.

हा रोग एकट्या सांगलीचा आहे असं समजून साताऱ्याच्या लोकांनी हसू नये. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये एक पाहणी झाली. सेरेना विल्यम्सविरुद्ध तुम्ही टेनिसचा एक पॉइंट घ्याल का, असं लोकांना विचारलं. पुरुषांपैकी 12 टक्के, म्हणजे साधारण आठात एक, छातीठोकपणे हो म्हणाले. बायकांत हे प्रमाण 3 टक्के. सेरेनाच्या नावावर तोवर एकेरीची 23 ग्रँड स्लॅम विजेतेपदं होती. आठात एक हे थंड हवेच्या देशातलं प्रमाण झालं. कृष्णाकाठी हीच पाहणी केली तर आठातला जो एक 'नाही' म्हणेल, तो बहुधा बदली होऊन आलेला असेल.

प्रत्येक कट्ट्यावर एक अभ्यासू असतो. तो लगेच कार्स्टन ब्राशचं नाव काढतो. 1998 साली ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी या जर्मन गड्यानं सेरेना आणि व्हीनस या दोघी बहिणींना एकेका सेटमध्ये 6-1, 6-2 असं हरवलं होतं, आणि तेव्हा त्याचा जागतिक क्रमांक होता 203. गोष्ट खरी आहे. पण अभ्यासू ती अशा थाटात सांगतो, की 203 नंतर लगेच 204 वर आपलाच नंबर असावा. ब्राश हा पोटापाण्यासाठी टेनिस खेळणारा माणूस होता. आपला अभ्यासू शेवटचा खेळला तो सोसायटीच्या गच्चीत, बॅडमिंटन. आणि त्यातही शटल शेजारच्या टाकीत गेलं म्हणून सामना अर्धवट राहिला.

साताऱ्यात मामला पळण्याचा. दरवर्षी हजारो माणसं यवतेश्वरचा घाट चढून-उतरून हिल मॅरेथॉन पुरी करतात. ही कौतुकाचीच गोष्ट. पण ते मेडल गळ्यात पडलं की माणसाला ललिता बाबर दिसू लागते. "पूर्ण रेस नाही म्हणत मी, पण पहिले पाचशे मीटर तिच्या बरोबरीनं जाईन." माण तालुक्यातल्या मोहीच्या ललितानं 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी 9 मिनिटं 19.76 सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. म्हणजे किलोमीटरला जेमतेम 3 मिनिटं 7 सेकंद, तेही 28 अडथळे आणि पाण्याच्या 7 उड्या धरून. हे आकडे मी एका मेडलधारकापुढं मांडले. पाण्याच्या उड्यांचं ऐकून त्यांचा चेहराच खुलला. "त्याची प्रॅक्टिस आहे की! पावसाळ्यात रोज राजवाडा ते पोवई नाका चालत जातो."

अदिती स्वामीच्या बाबतीत सातारकर जरा सबुरीनं घेतात, पण गप्प बसत नाहीत. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला ही 17 वर्षांची पोरगी तिरंदाजीची जगज्जेती झाली. कंपाउंड प्रकारात अंतर 50 मीटर, दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं, बाण पंधरा. अंतिम सामन्यात तिनं 150 पैकी 149 गुण घेतले. तो सुटलेला एक गुण साताऱ्यातल्या अनेकांच्या मनाला लागून राहिला आहे. "लहानपणी मी दगडानं कैऱ्या पाडायचो, देठावर नेम," एक भाऊ मला म्हणाले. मग भुवया उडवून गप्प बसले. त्यांना पुढं काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

इथवरच्या सगळ्या नावांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आपल्या गड्यांना आव्हान द्यायला मुलीच बऱ्या वाटतात. मग मी एक प्रयोग केला. आप्पांना विचारलं, "प्रतीक्षा बागडीबरोबर कुस्ती धराल का? चितपट नको, फक्त एक मिनिट टिकायचं." मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षानं ती जिंकली. त्यामुळं ही बया कोण, असं म्हणायची आप्पांना सोय नव्हती. आप्पांनी भडंगाच्या पुड्यात पाहिलं. खालचे शेंगदाणे बोटानं वर काढले. मग म्हणाले, "कुस्तीचं वेगळं असतंय."

वेगळं असतं, हे शंभर टक्के खरं. याच भागात चंद्रहार पाटलांनी 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली. त्याच्या कितीतरी आधी कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक घेतलं. पण 'मानेंचा एक हात तरी मी धरून ठेवला असता' असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. स्मृतीला बीट करणारे घरोघरी. पैलवानापुढं सगळे एकदम अदबशीर. याचं कारण संस्कार नाही. कारण लाल माती.

इकडच्या यात्रेतलं कुस्तीचं मैदान ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. दुपारी हलगी कडाडली की आधी पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर. सहा-सात वर्षांचं कार्टं, चड्डी सावरत आत ढकललं जातं. समोर तसंच एक. पंच दोघांना शेजारी उभं करतो, खांद्याला खांदा लावून पाहतो, एकाच्या दंडाला हात लावतो, मान हलवतो, तिसऱ्याला बोलावतो. याला जोड लावणं म्हणतात. यात पंचाची सगळी हुशारी. जोड तोलाची नसेल तर कडेला बसलेली म्हातारी माणसं ओरडतात, "अरे, ते पोरगं केवढं, हे केवढं!" बाप मध्ये पडला, "माझा पोरगा बारका दिसतो, पण चपळ आहे" असं सांगू लागला, तर पंच त्या बापाकडं बघतसुद्धा नाही. तिथं दहा सेकंदांत तुमचं पोर आभाळाकडं बघत पडलेलं असतं आणि पाठीला चिकटलेली माती घरी जाईपर्यंत अख्ख्या गावानं वाचलेली असते. आप्पांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी ती माती पाठीवर वागवली आहे. क्रिकेटनं त्यांना असं कधी झोपवलं नाही, तिरंदाजीनं तर नाहीच. म्हणून त्या खेळांत त्यांची ताकद अजून शाबूत आहे.

बायकांनी हा जर-तर खरा करून दाखवला तर काय होतं, तेही आपल्या शेजारी घडून गेलं आहे. 1954 साली हमीदा बानू या पैलवान बाईनं जाहीर आव्हान दिलं: मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. बडोद्यात बाबा पहिलवान उभे राहिले आणि 1 मिनिट 34 सेकंदांत आडवे झाले. कोल्हापुरात तिनं एका पुरुष मल्लाला हरवलं, तर प्रेक्षकांनीच हुल्लड केली. कुस्ती ठरवून केली, असं म्हणणारेही निघालेच. एका बाईनं माणूस पाडला हे मानण्यापेक्षा अख्खं मैदान खोटं होतं असं मानणं पुष्कळ सोपं. त्या गर्दीतही कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं असेलच: माझ्याशी धरली असती तर दाखवलं असतं.

या सगळ्या बढायांना शेवटी आधार घेतला जातो तो खाशाबा जाधवांचा. "खाशाबा केवढे होते? एवढेसे!" बरोबर. पण खाशाबा हेलसिंकीला 1952 साली लढले ते 57 किलोच्या गटात, आपल्याच वजनाच्या माणसांशी. ऑलिंपिकवाल्यांनीही शेवटी आपल्या यात्रेतल्या पंचासारखी जोडच लावली होती. खरी विजोड कुस्ती झाली ती जायच्या आधी, पैशांशी. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या त्या माणसानं ब्राँझपदक आणून ते सार्थ केलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आप्पांच्या त्या एका चेंडूवर घर सोडा, दोन कटिंगचं बिलही अजून कुणी लावलेलं नाही.

खाशाबांचं नाव निघालं की विषय आपोआप जिल्ह्यांवर जातो. मग खेळाडू बाजूला राहतो. सातारकर म्हणतो, खाशाबा आमचे. सांगलीकर म्हणतो, स्मृती आमची. "जन्म मुंबईचा ना तिचा?" सातारकर विचारतो. सांगलीकर मग 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर काढतो, शिराळ्याच्या पुनवतचे. यावर सातारकर एकदम गॅझेटियर होतो: आंदळकरांचा जन्म 1935 चा, तेव्हा शिराळा साताऱ्यात, दक्षिण सातारा निघाला 1949 ला, त्याचं नाव सांगली पडलं 1960 ला. एवढ्यात मोतीबाग तालमीचं नाव घेत एखादा कोल्हापूरकर येतो आणि दोघंही अचानक सख्खे भाऊ होतात.

2025 मध्ये जगभर एका प्रश्नानं लोकांची झोप उडवली होती: निःशस्त्र शंभर माणसं विरुद्ध एक गोरिल्ला, कोण जिंकेल? शास्त्रज्ञांनीसुद्धा मतं दिली. आमच्या कट्ट्यावर तो प्रश्न पहिल्या टप्प्यातच अडकला, कारण शंभर माणसं कुठली यावर एकमत होईना. सांगलीची 51 आणि साताऱ्याची 49 असं ठरत आलं होतं. पण कराडकरांनी स्वतंत्र कोटा मागितला. मग स्वागताध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक आणि जेवणाची समिती वजा केल्यावर लढायला अकरा उरले. अकरांपैकी सात जणांनी आपण फक्त मार्गदर्शन करू असं कळवलं. फ्लेक्स मात्र छापून झाला. त्यावर शंभरांचे फोटो, वर तिन्ही पक्षांचे नेते, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, "आपले नम्र" या ओळीच्या बरोबर वर, जागा उरली म्हणून, गोरिल्ला.

आप्पांचं म्हणणं, एवढ्या लांबून पाहुणा येणार, तर आधी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालाच पाहिजे. सत्कार कुणाच्या हस्ते यावर सध्या वाद चालू आहे. आप्पा स्वतः त्यात नाहीत. त्यांनी हलगीची जबाबदारी घेतली आहे, आणि ती मैदानाच्या बाहेरून वाजवतात.