मरणाचा फोटो, तिकीटविक्रीसह

कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला आहे. हॉलचा ॲडव्हान्स गेला, गाणी निम्मी बसली, ड्रमर अजून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आहे. आता जाहिरातीला फोटो हवा. बँडचं संगीत काळोख, कबरी आणि कायमचा विरह या विषयांना वाहिलेलं. हाताशी असलेला तुमचा एकमेव बरा फोटो मात्र चुलतभावाच्या लग्नातला, फेटा बांधून मठ्ठा पितानाचा. फोटोग्राफरचा दर विचारून झाला; तो कार्यक्रमाच्या अपेक्षित गल्ल्याहून जास्त निघाला. तेव्हा स्वतःचा गॉथिक फोटो स्वतःच काढणे क्रमप्राप्त आहे. इच्छुकांनी खालील कलमे क्रमाने वाचावीत. मधलंच एखादं कलम वाचून कामाला लागणाऱ्याच्या भुवया जळाल्यास आम्ही जबाबदार नाही.

कलम १ : परंपरा

घरचे विचारणारच, "हे काय थेर?" उत्तर तयार ठेवा. सांगा, ही चाल फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये स्वतःचा फोटो काढला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये इपोलित बायार्डने स्वतःचं प्रेत काढलं. बायार्डचं दुःख खरं होतं. कागदावर फोटो उमटवण्याची स्वतःची पद्धत त्याने शोधली होती, पण मान आणि पेन्शन दोन्ही त्याचा प्रतिस्पर्धी संशोधक दागेर याला मिळालं. मग बायार्ड उघड्या अंगाने, डोळे मिटून, एका कुशीला कलून बसला आणि फोटोच्या मागे त्याने लिहिलं की, या दुर्दैवी माणसाने पाण्यात जीव दिला. उन्हाने रापलेले हात आणि चेहरा फोटोत काळे आले होते. तेही त्याने प्रेत सडू लागल्याच्या खात्यात जमा केलं. शिवाय त्या काळी कॅमेऱ्यासमोर कित्येक मिनिटं निश्चल राहावं लागे, आणि त्या बाबतीत मृताचा हात कोण धरणार? अडचण आली की ती कथानकात जिरवावी, हा या कलेतला पहिला धडा.

पुढची मंडळी धंद्यात आणखी तरबेज. सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीने १८८०च्या सुमारास शवपेटीत झोपून फोटो काढून घेतला. पेटी तिच्या घरचीच होती. थेडा बारा या मूकपटातल्या नटीला १९१५च्या सुमारास सांगाड्यासोबत बसवण्यात आलं आणि ती इजिप्तमध्ये स्फिंक्सच्या सावलीत जन्मल्याची बातमी स्टुडिओने पेरली. बाई ओहायोतल्या सिनसिनाटीच्या. १९५०च्या दशकात स्क्रीमिन जे हॉकिन्स हा गायक स्टेजवर शवपेटीतूनच उठून येऊ लागला. १९७९ मध्ये बॉहाउस या इंग्लिश बँडने ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीच्या नावे नऊ मिनिटांहून लांब गाणं काढलं, १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह क्लब उघडला आणि काळ्या ओठांना हक्काची जागा मिळाली. व्हिटबी या इंग्लिश बंदराच्या गावी १९९४ पासून गॉथ मंडळींची जत्रा भरते, कारण १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला इंग्लंडच्या भूमीवर उतरतो तो तिथेच.

घरच्यांना एवढा पाश्चात्त्य पुरावा पुरला नाही तर कोकणात बोट दाखवा. शिमग्यात नमन-खेळ्यांबरोबर येणारा संकासुर पहिल्यापासून काळ्या पोशाखात, उंच काळ्या टोपीत, मुखवट्याला पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू लावून, मृदंगाच्या तालावर फिरतोय. त्याला कुणी थेर म्हणत नाही.

कलम २ : मुख्य धोका

इंग्लंडमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर गंभीर चेहरा दिसला की लोक विचारतात, कुठला बँड? महाराष्ट्रात विचारतात, कधी गेले?

हा धोका हसण्यावारी नेऊ नका. चौकातला फ्लेक्स आठवा: कृष्णधवल चेहरा, एक ज्योत, थोडी फुलं, खाली नाव आणि तारीख. तुमच्या पोस्टरचं साहित्य अगदी हेच आहे. फोटो कौटुंबिक ग्रुपवर पडला की साताऱ्याचे काका मजकूर न वाचता हात जोडलेली चित्रं पाठवतील, त्यांच्यामागे आणखी चौदा जण, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी डबा घेऊन दारात उभं राहील. म्हणून पुढील पथ्यं पाळावीत. चेहरा चौकटीच्या मधोमध नको. नजर कॅमेऱ्यात नको, आणि त्या नजरेत प्रेमळपणा तर मुळीच नको. प्रेमळ दिसण्याचा मान दिवंगतांचा. फूल घ्यायचंच तर वाळलेलं घ्या, झेंडू नकोच. पोस्टरवर एकच तारीख असावी. दोन तारखा आणि मध्ये आडवी रेघ आली की विषय संपला. आणि तिकिटाचा दर ठळक छापा. श्रद्धांजली सभेला तिकीट नसतं.

कलम ३ : वेशभूषा आणि रंगभूषा

काळे कपडे विकत आणू नका. मराठी घरात संक्रांतीची काळी साडी किंवा काळा कुर्ता असतोच. जिन्यात शेजारच्या काकू भेटतील आणि भर जूनमध्ये विचारतील, "हळदीकुंकू कुणाकडे?" हसून पुढे व्हावं. त्याच कपाटात, वरच्या फळीवर, जुन्या डब्यात, वहिनीचे हलव्याचे दागिने असतील. ते अवश्य मागून घ्या. पांढरा, काटेरी हलवा काळ्या कापडावर, एका बाजूने उजेड पाडून, कृष्णधवल टिपला की थेट हाडांच्या मण्यांचा हार दिसतो. परदेशी गॉथ मंडळी असल्या दागिन्याला चांगले पैसे मोजतात. फक्त शूटिंग लवकर आटपा. मुंग्यांना गॉथिक सौंदर्याची पर्वा नसते.

चेहरा पांढरा करताना मान आणि कान विसरू नका, नाहीतर पिठाच्या डब्यात तोंड घातल्याचा भास होतो. काजळ पापणीखाली लावा आणि बोटाने बाहेरच्या कोपऱ्याकडे ओढा. द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथसारखा विस्कटलेपणा हवा असेल तर काहीच करू नका. आपल्या हवेत काजळ अर्ध्या तासात आपणहून गालावर येतं. ओठांना गडद मरून पुरे, कृष्णधवलात तो काळाच येतो. काम झाल्यावर कापसाला खोबरेल तेल लावून सगळं पुसून काढा. अर्धवट पुसून झोपलात तर सकाळी आई उशीचा अभ्रा पाहील, मग तुमच्याकडे पाहील आणि विचारेल, "डोळे आलेत का रे?"

कलम ४ : जागा

मुंबईकरांना वाटतं, आपल्याकडे तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे! खरं आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारलेली, १८८८ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत व्हिक्टोरियन गॉथिकचा कळसच आहे. कमानी, मनोरे, भिंतींतून डोकावणारे दगडी प्राणी, सगळं आयतं. पण संध्याकाळी तिथे शून्यात नजर लावून उभं राहून पाहा. "ओ भाऊ, चढायचं नसेल तर बाजूला व्हा" हे वाक्य पहिल्या मिनिटाला येतं आणि चेहऱ्यावरचं वैराग्य घेऊन जातं. ट्रायपॉड उघडलात तर परवानगी विचारायला वर्दीतला माणूस येतो.

वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चचे भग्न अवशेष आहेत. छप्पर गेलेलं, कमानींना मुळांचा वेढा, भिंतींवर शेवाळ. मात्र सुट्टीच्या दिवशी प्रत्येक कमान प्री-वेडिंगवाल्यांनी धरलेली असते. तुम्ही काळ्या झग्यात अनंताकडे बघत असता आणि चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात गुलाबी गाऊनचा दहा फुटी घोळ वाऱ्यावर उडत येतो.

म्हणून नवशिक्यांनी घरीच काढावा. एक भिंत, तिच्यावर गडद चादर, एक लाकडी खुर्ची. चादरीवरची फुलं अंधारात जातात. कंपनीचं लेबल मात्र जात नाही, ते आतल्या बाजूला घ्यावं.

कलम ५ : उजेड, धूर आणि भूत

ट्यूबलाइट बंद करा. या कलेचा निम्मा भाग इथेच संपतो. मग टेबललॅम्प एकच, चेहऱ्याच्या एका बाजूला, कपाळापेक्षा थोडा वर ठेवा. दुसऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला की समजा जमलं. रेम्ब्रँटच्या चित्रांवरून छायाचित्रकार त्याला रेम्ब्रँटचाच प्रकाश म्हणतात. हनुवटीखाली टॉर्च धरण्याचा प्रकार सहलीतल्या भुताच्या गोष्टींपुरता राखून ठेवावा.

फोन हा या कामातला घरभेदी आहे. अंधार दिसला की तो त्याला रोग समजून औषध करतो, आणि तुमचं रक्तपिपासू रूप मऊ, गोरं, वधुवरसूचक मंडळाला पाठवण्याजोगं होऊन बाहेर पडतं. नाइट मोड बंद, ब्यूटी बंद. स्क्रीनवर चेहऱ्याच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस जागच्या जागी पक्का होईल, आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. आता अडचण अशी की, बोट दाबायचं तेव्हा चेहरा खुर्चीत नसतो. त्यासाठी खुर्चीत केरसुणी उभी करून तिला ओढणी गुंडाळा, तिच्यावर फोकस साधा, टायमर दहा सेकंदांवर टाका आणि केरसुणी उचलून तिच्या जागी बसा. हे आजीच्या अपरोक्ष करावं. केरसुणी ही लक्ष्मी. तिला भूतखेतांच्या कामाला जुंपणं आजीला खपणार नाही.

धुरासाठी निखाऱ्यावर धूप घाला आणि दिवा धुराच्या मागे ठेवा. समोरून उजेड टाकला तर धूर दिसतच नाही, फक्त खोकला येतो. निखारे आणि मेणबत्त्या केसांपासून, भुवयांपासून आणि चादरीपासून हातभर लांब. दाराला आतून कडी लावा, कारण वास आला की घरातले आरतीला जमतात.

भूत हवं असेल तर शटर आठ सेकंद उघडं ठेवा, चार सेकंद बसा आणि उठून चालू लागा. तुमच्या आरपार भिंत दिसेल. अमेरिकेत विल्यम मम्लर याने १८६०च्या दशकात गिऱ्हाइकांच्या मागे त्यांचे मृत आप्त उमटवून दिले; १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, सर्कसवाला पी. टी. बार्नम विरोधात साक्ष देऊन गेला, तरी मम्लर सुटला. बँडने या युक्तीचा एक व्यवहारी उपयोग करावा: जो गिटारवाला परदेशी नोकरीच्या मुलाखती देतोय त्याला अर्धपारदर्शक ठेवावं. गेला तरी पोस्टर बदलावं लागत नाही.

कलम ६ : वाद्य

वाद्याशिवाय फोटो काढू नका. कलम २ मधल्या धोक्यावर सर्वांत खात्रीचा उतारा तोच आहे. गिटार असेल तर उत्तम, पण पेटी असेल तर लाजू नका. जर्मन गायिका निको हिने १९६८ च्या द मार्बल इंडेक्स या अल्बमात हार्मोनियमच घेतली, आणि त्या अल्बमाला गॉथ संगीताच्या पूर्वजांत मोजतात. भजनी मंडळाची पेटी मागून आणा. भात्यावर एक हात, पट्ट्यांवर दुसरा, मान खाली. पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने मंडळाचं नाव आणि देणगीदाराचं स्मरण लिहिलेलं असतं; ती बाजू भिंतीकडे.

कलम ७ : पोस्टर

अक्षरं काट्याकुट्यांची करण्याचा मोह आवरा. रोमन लिपीला ते पेलतं. देवनागरीत जोडाक्षरांना काटे फुटले की "रात्र" आणि "सत्र" यांत फरक राहत नाही. वार, तारीख, वेळ, हॉल, जवळचं स्टेशन, दर, एवढं स्पष्ट असावं. मग चित्र फोनवर घ्या, ब्राइटनेस निम्मा करा आणि दुपारी उन्हात उभं राहून बघा. तारीख वाचता आली तर पास. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एरवी दाबादाबीत काळ्या छटांचे चौकोनी ठोकळे पडतात आणि तुमचा अंधार फरशी बसवल्यासारखा दिसतो.

शंकासमाधान

शंका : हसलेलं चालेल का?
उत्तर : फोटोत नाही. तिकीटविक्रीच्या टेबलावर सक्तीचं.

शंका : आमच्या बँडमधला एकजण फारच गुटगुटीत आणि आनंदी दिसतो.
उत्तर : त्याला पाठमोरा उभा करा. पाठमोरा माणूस नेहमीच गूढ वाटतो.

शंका : कार्यक्रमाच्या दिवशीही असंच दिसावं लागेल का?
उत्तर : हो. लोकांनी फोटो पाहून पैसे मोजलेत. हॉकिन्सने शवपेटी दाखवली आणि स्टेजवर आणलीही. तुम्ही चपला घालून, "साउंड चेक, हॅलो, हॅलो" करत आलात तर फोटोतल्या माणसाचे पैसे परत मागितले जातील.

शंका : हाच फोटो पुढच्या कार्यक्रमाला वापरता येईल?
उत्तर : शक्यतो नाही. एकच माणूस पुन्हा पुन्हा मेलेला प्रेक्षकांना खपत नाही. याला अपवाद फक्त आपल्या संगीत नाटकाचा. तिथे गतप्राण झालेलं पात्र वन्समोअर आला की उठून बसायचं, पद पुन्हा म्हणायचं आणि रीतसर पुन्हा मरायचं, असे किस्से जुनी मंडळी सांगतात. तुम्हालाही वन्समोअर मिळाला तर खुशाल उठा, पण तिकिटं नवीन छापा.