शेठ, तुमचं पिस्तूल रस्त्यावर पडलंय

प्रिय शेठ,


तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. पत्र आपल्यालाच आहे हे तुम्हाला पहिल्या चार ओळींत कळेल, आणि पुणे-सातारा हायवेवर तुमच्यासारखे जे आणखी कोणी आहेत त्यांनाही कळेल. सारोळ्यात सर्व्हिस रोडच्या कडेला तुमची पांढरी गाडी सकाळी लागते, ती संध्याकाळीच हलते. तुमचं काम नीरा नदीपलीकडे, सातारा जिल्ह्यात शिरवळच्या बाजूच्या कंपनीत. तिथे गेटवर गाड्या तपासतात, हत्यार आत नेऊ देत नाहीत. मग तुम्ही तोडगा काढलात. गाडी अलीकडे, पिस्तूल गाडीत, आणि तुम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसून नदीपलीकडे. कंपनीला जी वस्तू आपल्या कंपाउंडमध्ये नको आहे, ती तुम्ही दिवसभर आमच्या दारात आणून ठेवता.

ही ऐकीव गोष्ट नाही. शाळा सुटली होती आणि चौथी-पाचवीतली तीन-चार पोरं तुमच्या गाडीच्या काचेला नाक लावून उभी होती. एकाने मला हाक मारली, "काका, घोडा आहे आत!" मीही वाकून बघितलं. ड्रायव्हरची सीट आणि हँडब्रेक यांच्या मधल्या फटीत चामड्याचं कव्हर खोचलेलं होतं. त्याचं बटण उघडं होतं आणि काळी मूठ वर आलेली होती. बाजूला चार्जरची वायर आणि अर्धी संपलेली पाण्याची बाटली. पोरांना हाकलून दिलं. पण शेठ, दहा वर्षांच्या पोराला पिस्तुलाला 'घोडा' म्हणतात हे ठाऊक होतं आणि ते कुठल्या गाडीत असतं हेही ठाऊक झालं. उद्या कव्हर डॅशच्या कप्प्यात टाकून तुम्ही कुलूप लावलंत, तरी ती माहिती आता गावात झालेली आहे.

एक साधा प्रश्न विचारतो. परवान्याचा अर्ज केलात तेव्हा जिवाला धोका असल्याचं तुम्ही लिहून दिलंत. आपल्याकडे हत्यार ठेवणं हा काही कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली सरकार पोलिसांकडून चौकशी करून एका माणसावर विश्वास टाकतं आणि त्याच्या नावाने परवाना देतं. तुमच्यावर तो टाकला. आता सांगा, धोका खरा असेल तर दिवसाचे आठ-नऊ तास तुम्ही एका जिल्ह्यात आणि पिस्तूल दुसऱ्या जिल्ह्यात, यात तुमचं रक्षण कसं होतं? आणि आठ-नऊ तास पिस्तुलाशिवाय तुम्ही निर्धास्त काम करत असाल, तर तुमच्या जिवाला धोका नाही. मग परवाना घेतला कशाला? या दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं.

कशाला घेतला, ते आम्हाला माहीत आहे. हायवे रुंद झाला, प्लॉटिंग आलं, रिंगरोडच्या बातम्यांनी जमिनींचे भाव चढले. भोर, वेल्हे, मुळशी, हवेली, सगळीकडे एक नवी पैसेवाली फळी उभी राहिली आणि तिच्यात कमरेला पिस्तूल असणं हा मानाचा भाग झाला. लग्नात पंगतीला बसताना शर्ट जरा वर सरकवायचा, ढाब्यावर टेबलावर मोबाइलशेजारी ते ठेवायचं. हवेत बार काढण्याची हौस इतकी वाढली की २०१९ च्या दुरुस्तीत संसदेला त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी वेगळी तरतूद करावी लागली. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आणली. कायदा आवळतोय तो तुमच्या या हौसेपायी, शेठ. ज्यांना खरोखर शेतात, रानात, एकट्या वस्तीवर हत्याराची गरज आहे, त्यांच्या अर्जांकडे साहेब लोक संशयाने बघतात ते तुमच्यामुळे.

आता 'लॉक आहे की गाडीला' हे तुमचं उत्तर. गाडीचं लॉक गाडी कुणी सहज ढकलून नेऊ नये म्हणून असतं. दाराची काच एका फटक्यात फुटते. डॅशच्या कप्प्याचं कुलूप प्लॅस्टिकचं, ते पेचकसाला दाद देतं. हायवेवर ढाब्यासमोर उभ्या गाड्यांच्या काचा फोडून लॅपटॉपच्या बॅगा पळवणारे चोर काही नवीन नाहीत. त्यांना आत काय सापडेल हे आधी माहीत नसतं. तुमच्या गाडीत त्यांना लॅपटॉप सापडणार नाही, एवढंच. शिवाय चोर तरी कशाला हवा? गाडीची किल्ली किती हातांतून जाते ते मोजा. ड्रायव्हरकडे असते. वॉशिंग सेंटरवर गाडी सोडता तेव्हा तिथल्या पोराकडे असते. सर्व्हिसिंगला टाकता तेव्हा गॅरेजवाल्याकडे. दुसरी किल्ली घरी खुंटीला, जी रविवारी तुमचा कॉलेजातला मुलगा मित्रांना फिरवायला घेऊन जातो. परवान्यावर फोटो एकट्या तुमचा आहे.

आणि जागा तरी कुठली निवडलीत! सारोळे पुणे जिल्ह्याच्या टोकाला आहे. इथे काच फुटली की चोराने नीरेचा पूल ओलांडायचा, की खंडाळा तालुका, सातारा जिल्हा. अलीकडे पुणे ग्रामीणचे पोलीस, पलीकडे साताऱ्याचे. तक्रार कुठे, नाकाबंदी कुठे, निरोप कुणी कुणाला द्यायचा, हे ठरेपर्यंत माणूस शिरवळ मागे टाकून खंबाटकी घाटात असतो. उलट्या दिशेला कापूरहोळ, तिथून भोर किंवा सासवड. चोराला इतके फाटे फुटलेली जागा या पट्ट्यात दुसरी नाही. आणि त्यातली खरी गंमत ऐका, जिच्यावर मला हसू येत नाही: चोरी सकाळी दहाला झाली तरी तुम्हाला ती संध्याकाळी सातला कळणार. हत्यार हरवलं की विनाविलंब पोलीस ठाण्यात कळवायचं, ही परवान्याची अट आहे. जे हरवलंय हेच ठाऊक नाही, ते कळवणार काय?

गुन्हेगारी टोळ्यांची पोरं गावठी कट्ट्यासाठी पार मध्य प्रदेशच्या सीमेवर उमरटीपर्यंत जातात. वाटेत पकडली जातात, पुण्याच्या पोलिसांनी अशी कितीतरी धरली आहेत. तुम्ही कारखान्यात बनलेलं, चांगल्या नेमाचं, मॅगझिन भरलेलं हत्यार त्यांच्यासाठी हायवेच्या कडेला आणून ठेवता. त्यातून गोळी सुटली तर नंबर तुमच्या परवान्यापर्यंत पोचेल. पण ज्याला ती लागेल त्याच्या घरच्यांना त्या नंबराचा काय उपयोग?

दुसऱ्याच्या परवान्याचं हत्यार भलत्याच हातात गेलं की काय होतं, ते महाराष्ट्राने ८ फेब्रुवारी २०२४ ला बघितलं आहे. दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हाने फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या, मग स्वतःलाही संपवलं. तपासात पुढे आलं की पिस्तुलाचा परवाना मॉरिसचा नव्हताच. तो होता त्याच्या खासगी अंगरक्षकाचा, उत्तर प्रदेशातून काढलेला. पिस्तूल कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलं जायचं, असं पोलिसांकडून सांगण्यात आलं. म्हणजे मालक एकीकडे, हत्यार कामाच्या जागी कुलपात. अंगरक्षकालाही अटक झाली. तिथे निदान लॉकर होता. तुमच्याकडे हँडब्रेकशेजारची फट आहे.

तुमचा भाचा अमेरिकेत असतो आणि 'तिकडे सगळे गाडीतच ठेवतात' असं तुम्ही कट्ट्यावर सांगता, तेही कानावर आलंय. खरं आहे, तिकडे त्यावर कायदेच आहेत. ओक्लाहोमात एका कागद गिरणीने २००२ साली कामगारांच्या गाड्या तपासल्या, बंदुका सापडलेल्यांना कामावरून काढलं, आणि त्या रागातून २००४ साली राज्याने कायदा केला की पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालकाने मनाई करायची नाही. पुढे अनेक राज्यांनी तेच केलं. पण भाच्याला पुढचंही विचारा. एव्हरीटाऊन नावाच्या संस्थेने २०२२ च्या तिकडच्या शेकडो शहरांच्या पोलीस नोंदी तपासल्या, तेव्हा चोरीला गेलेल्या बंदुकांतल्या निम्म्याहून अधिक गाड्यांतून गेलेल्या निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोत जून २०१५ मध्ये एका सरकारी रेंजरच्या उभ्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं. तुमच्यासारखा हौशी नव्हे, शिकलेला, सरकारी नोकरीतला माणूस. चार दिवसांनी, १ जुलैला, त्याच पिस्तुलाची गोळी समुद्राकाठी वडिलांबरोबर फिरणाऱ्या केट स्टाइनली या बत्तीस वर्षांच्या मुलीला लागली आणि ती गेली. काच फुटल्यापासून जीव जाईपर्यंत चार दिवस. अमेरिकेचं उदाहरण द्यायचं तर हे द्या.

तुमच्या गाडीच्या मागच्या काचेवर शिवाजी महाराजांचं चित्र आहे. राजगड आणि तोरण्याच्या या मुलुखात ते असणारच, माझ्याही घरात आहे. महाराजांनी चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. रयतेच्या दाण्याला, भाकरीला, भाजीला हात लावू नका, हा त्याचा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्याच पत्रात ते आगीबद्दल बजावतात. गवताच्या गंजींजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव घेईल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल, मग गवत जळेल आणि घोडी उपाशी मरतील. राज्याचा धनी उंदराने वात नेली तर काय, याचा विचार करून लेखी ताकीद देत होता. हत्याराशी खेळणारा माणूस असा बारीक विचार करणारा लागतो. ते चित्र लावून त्याच गाडीत भरलेलं पिस्तूल बेवारस सोडणं मला सहन होत नाही, म्हणूनही हे पत्र.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ चे शस्त्र नियम सरळ आहेत. सार्वजनिक जागी हत्यार नेताना ते पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. शिरवळला बसून सारोळ्यातल्या गाडीवर कसला ताबा? जत्रेत, मिरवणुकीत, शाळा-कॉलेजच्या आवारात खास परवानगीशिवाय ते न्यायचं नाही, हीही अट परवान्यावर असते. अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार तुम्हाला काहीच नाहीत, तुमच्या गाडीचा एक टायर त्याहून महाग येतो. पण परवाना रद्द करण्याचा अधिकार तो देणाऱ्याला आहे. बीडमध्ये २०२५ च्या जानेवारीत प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. बीड म्हणजे वेगळा मुलूख, असं समजू नका.

तर करायचं काय, तेही सांगतो. कामाला जाताना पिस्तूल घरी ठेवा. भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्या एकट्याकडे. तसं करायचं नसेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते रीतसर जमा करता येतं. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की तुम्ही रांगेत उभे राहून जमा करताच की, पावती घेऊन येता आणि तेवढे दिवस जिवंतही राहता.

गाडीचा नंबर मी वहीत उतरवला आहे. या पत्राची एक प्रत राजगड पोलीस ठाण्यात देणार आहे, त्यात नंबर असेल. यापुढे ती काळी मूठ काचेतून दिसली, किंवा पोरं पुन्हा त्या गाडीभोवती जमलेली दिसली, तर तुमची वाट बघणार नाही. तिथूनच ११२ ला फोन लावीन आणि पोलीस येईपर्यंत गाडीपाशी उभा राहीन.

आपला,
सारोळ्याचा एक रहिवासी