आठ बाराची पट्टी

लोकलमधल्या भजनी मंडळाला कुणी स्टेजवर बोलावू नये. बोलावणाऱ्याचं काही जात नाही, पण मंडळाचा वर्षानुवर्षांचा समज एका संध्याकाळी मोडतो. आमचा समज असा होता की आपल्याला गाता येतं.

आमचं मंडळ बदलापूरहून सकाळी ८.१२ ला सुटणाऱ्या फास्ट लोकलच्या मागून तिसऱ्या डब्यात भरतं. मंडळाला नाव नाही. आपसात आम्ही ‘आठ बारा’ म्हणतो. बुवा बदलापूरला चढतात, मी अंबरनाथला, आणि टिटवाळा कल्याणला. टिटवाळा हा माणूस आहे. तो कसाऱ्याच्या लाइनवरून येऊन कल्याणला गाडी बदलतो आणि त्याचं खरं आडनाव विचारायचं सगळ्यांचंच राहून गेलंय. वरचा सूर फक्त त्याला लागतो, त्यामुळे कल्याण येईपर्यंत आम्ही जरा दबून गातो. वारकऱ्यांना विठ्ठल वर्षातून एकदा-दोनदा भेटतो. आम्हाला जाता-येता विठ्ठलवाडी लागते, तिथे गाडी अर्धा मिनिट थांबते, आणि बुवा न चुकता खिडकीकडे बघून हात जोडतात. समोरच्या फलाटावर बहुतेक वेळा वडापाव खाणारा एखादा गृहस्थ असतो. सवयीनं तोही हात जोडतो.

मंडळात शिरणं सोपं आहे, बसणं कठीण. नवा माणूस आधी दरवाज्याशी उभा राहून नुसता ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतो. मग सरकत सरकत दोन बाकड्यांच्या मधे येतो. मग कधीतरी चौथी सीट मिळते, म्हणजे अर्धं बूड बाकावर आणि उरलेलं श्रद्धेवर. टाळ मात्र कुणी निवृत्त झाल्याशिवाय मिळत नाहीत. आमच्याकडे टाळ अनुकंपा तत्त्वावर देत नाहीत, सेवाज्येष्ठतेनं देतात. राज्य सरकारवाले अठ्ठावन्नाला सुटतात आणि बँकवाले साठीला, त्यामुळे मंत्रालयात नोकरीला असलेल्यांच्या टाळांवर सगळ्यांचा डोळा असतो. माझे टाळ एका महसूलवाल्याचे आहेत. एका वाटीला बारीक चीर आहे, ती ‘छन्’च्या शेवटी थोडी कुरकुरते. खात्याचा गुण.

तालवाद्य म्हणून आमच्याकडे डबा आहे. दरवाज्यालगतच्या पार्टिशनला टेकून पत्रेमास्तर बसतात. पत्रा वाजवतात म्हणून पत्रे, आणि वाजवतात ते इतकं सुरेख की मास्तर. उजव्या हाताच्या मधल्या बोटात जाड चांदीची अंगठी आहे, तिनं ते काठावर ‘टिक’ काढतात. तळहाताच्या टाचेनं मधोमध ‘धूम्’ काढतात, आणि ‘धूम्’ कुठे आहे हे त्यांना नव्या रेकमध्येही दोन ठोक्यांत कळतं. एकदा एसी लोकलनं जाऊन आले तर म्हणाले, “डबा छान आहे, पण मुका आहे.” विषय संपला.

आमच्या भजनाचं वेळापत्रक संतांनी नाही, मध्य रेल्वेनं ठरवलेलं आहे. रूपाचा अभंग उल्हासनगरच्या आत. कल्याण-डोंबिवलीत एक मोठा अभंग बसतो, सिग्नल लागला तर दोन. डोंबिवलीला जी माणसं आत येतात त्यांत कुणाचाच श्वास जागेवर राहत नाही, म्हणून तिथे फक्त टाळ. पूर्वी फास्ट गाड्या मुंब्र्यापाशी पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्तच लांब. आत शिरलं की आमच्या पंधरा आवाजांचे दीडशे व्हायचे. बुवा नेमका तिथे गजर घ्यायचे आणि बाहेर पडताना आम्हाला आपण कुणीतरी मोठे गवई वाटायचो. २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल डोंगराबाहेरून जाऊ लागल्या, आणि आमची कला निम्म्यानं उतरली. बुवा मात्र त्या टप्प्यात अजूनही आवाज चढवतात. रेल्वेनं बोगदा काढून घेतला तरी गळ्याला कुणी कळवलेलं नाही.

आमच्याविरुद्ध तक्रारी होतात, आणि तक्रार करणाऱ्यांची बाजू खोटी नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस खिडकीशी डोळा लावायला बघतो आणि त्याच्या कानाशी महसूल खात्याचे टाळ वाजतात, हा काही त्याच्या पूर्वजन्मीच्या पुण्याचा भाग नसतो. पण तक्रार करणारेही दोन प्रकारचे. एक जण रोज कपाळाला आठ्या घालून कानात हेडफोन घालतो, आणि गौळणीला त्याचा पाय हलतो. आम्ही बघतो, बोलत नाही.

तर आमच्याच डब्यातून रोज उभ्यानं जाणारे एक गृहस्थ अंबरनाथच्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवाचे सेक्रेटरी निघाले. “बुवा, पाचव्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं द्या.” बुवांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं विठ्ठलाला विचारतायत. ते हिशेब करत होते. “पंचेचाळीस म्हणजे अंबरनाथ ते साधारण मुलुंड,” ते म्हणाले. “जमेल.”

तालमी रविवारी ठरल्या. मध्य रेल्वेच्या प्रवाशांनी रविवारी काही ठरवावं, यावरूनच आमची भाबडी वृत्ती दिसते. पहिल्या रविवारी मेगाब्लॉक. बुवा बदलापूरला अडकले, टिटवाळा कल्याणच्या फलाटावर उभा राहून फोनवरून वरचा सूर लावत होता, आणि पाठीमागून उद्घोषणा ‘होणाऱ्या असुविधेबद्दल’ खेद व्यक्त करत होती. ती बाई मात्र सुरात होती. पुढच्या खेपेला लोक जमले ते माझ्या घरी. बायकोनं हॉलमधलं टीपॉय हलवून ऐसपैस सतरंजी घातली, कडेला खुर्च्या ठेवल्या. गळ्यातून आवाज निघेना. कुणी खाकरलं, कुणी पाणी मागितलं. शेवटी बुवांनी दोन सोफे समोरासमोर ओढले, मधे गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा ठेवली, तीन जणांच्या सोफ्यावर चार बसवले, उरलेल्यांना मधे उभं केलं आणि पंखा बंद करायला सांगितला. घाम फुटला तसा सूर लागला. बायको चहाचा ट्रे घेऊन आली तर तिला कुणी वाटच देईना. आमच्यातला एक जण मागे न बघता म्हणाला, “पुढे चला, आत जागा आहे.” तिनं त्याच्याकडे जे पाहिलं, ते मी माझ्या लग्नातही पाहिलेलं नाही.

स्टेजवर पेटी लागेल असा सेक्रेटरींचा आग्रह होता, म्हणून ठाण्याला नोकरी करणारा एक तरुण पेटीवाला आला. सभ्य मुलगा. त्यानं भाता उघडला आणि आदरानं विचारलं, “बुवा, पट्टी कुठली? काळी दोन की पांढरी चार?”

बुवांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही बुवांकडे.

“आठ बाराची,” पत्रेमास्तर म्हणाले.

आता त्या पोराला कसं सांगावं की आम्ही सूर पेटीवरून घेत नाही, मोटारीवरून घेतो? गाडी सुटताना डब्याखालून जी चढत जाणारी गुणगुण येते, ती एका जागी ठरली की बुवा तिथून उचलतात. रेक कुठला लागतो त्यावर आमचा षड्ज. पेटीवाल्यानं तासभर आमच्यामागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धुंडाळल्या. आम्ही दर चरणाला किंचित वर सरकत होतो, तो हळूच पुढची पट्टी पकडत होता. शेवटी त्यानं भाता मिटला. “काका, आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बाहेर काढलं, ते थेट १९७१ पर्यंत. मला वाटायचं, अन्याय झाला. आज वाटतं, तेवढी वर्षं पेटीला विश्रांती तरी मिळाली.”

पखवाजवालाही मिळाला, आणि तिथून पत्रेमास्तरांचं दुखणं सुरू झालं. त्यांना टाळ दिले. त्यांनी ते दोन बोटांत धरले, शेजाऱ्याचं नवजात बाळ धरावं तसे, आणि थोड्या वेळानं परत केले. मग ते माझ्या घरभर बोटाच्या पेरानं ठोकत फिरले. दार, फ्रिज, बाल्कनीचं ग्रिल. गोदरेजच्या कपाटापाशी थांबले. “हे चालेल. उचलून नेता येईल का?” बायकोनं कपाटात दागिने आहेत असं सांगून वेळ मारून नेली. दागिने नाहीत. साड्या आहेत, आणि त्या जास्त किमती आहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप गच्च भरलेला पाहून आमची छाती फुगली. नंतर कळलं की आमच्या पाठोपाठ पैठणीचा खेळ होता आणि बायकांनी पुढच्या खुर्च्या आधीच धरून ठेवल्या होत्या. डब्यात जागा धरणाऱ्यांना हे समजून घेणं जड गेलं नाही. आम्ही पांढरे झब्बे घालून ओळीत बसलो. प्रत्येकाला हात-दीड हात मोकळी जागा होती, आणि तेच वाईट झालं. शेजाऱ्याचा खांदा लागत नव्हता, त्यामुळे शेजारी कधी श्वास घेतो ते कळेना. समोर माणसं बसलेली, आणि ती चक्क आमच्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांत डब्यात आमच्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. बघितलं तर टीसीनं.

रूपाचा अभंग लटपटत पार पडला. सेक्रेटरी स्टेजच्या कडेला हातात मोबाइल घेऊन उभे होते. त्यात आवाज मोजायचं ॲप होतं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर कर्णा बंद, हे नियम २००० सालापासून आहेत, पण ते पाळायची इतकी धडपड करणारा सेक्रेटरी मी पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या अभंगाला ते पाय न वाजवता आले आणि त्यांनी बुवांच्या पुढचा माइक उचलून नेला. आवाजात काही फरक पडला नाही. त्यांनी ॲप पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं, आणि मोबाइल खिशात ठेवून दिला.

पत्रेमास्तर सगळ्यात मागे, सजावटीच्या प्लायवूडला पाठ टेकून नुसते बसले होते. गौळणीच्या मध्यावर पखवाजवाला आणि आम्ही वेगवेगळ्या दिशांना निघालो. तो शास्त्रानं बरोबर होता, आम्ही सवयीनं. तेवढ्यात मागून ‘धूम्’ आलं. मग ‘टिक’. मास्तरांनी प्लायवूडवर हात फिरवला होता. मखराचे दिवे ठेक्यात थरथरायला लागले, पहिल्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली, आणि आमचे पंधराच्या पंधरा गळे आपापल्या जागी येऊन बसले. पखवाजवाल्यानं क्षणभर हात थांबवले, मान डोलावली आणि मास्तरांच्या मागे लागला. मी तरी एवढ्या दिलदारपणे माघार घेतली नसती.

आता शेवटचा गजर. तो इतका रंगला की पैठणीवाल्या बायकाही हात वर करून नाचू लागल्या. फक्त एक अडचण होती. आमचा गजर आजवर आम्ही कधी संपवलेलाच नाही. तो स्टेशन संपवतं. गाडीचा वेग उतरतो, माणसं उठतात, ‘उतरणार का?’ सुरू होतं आणि गजर आपोआप मिटतो. इथे वेगही उतरेना आणि कुणी उठेनाही. बुवा लय वाढवत होते, कारण थांबायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. टिटवाळा वरच्या सुरात अडकून लालबुंद झाला होता. सेक्रेटरी घड्याळ दाखवत होते, खेळाच्या सूत्रसंचालिका पैठणीचा बॉक्स छातीशी धरून विंगेत तिष्ठत होत्या. आमचं मुलुंड केव्हाच मागे पडलं होतं. माझ्या अंदाजानं आम्ही भायखळा ओलांडत होतो.

आणि मंडपाच्या अगदी मागून खणखणीत आवाज आला, “ठाणे! ठाणे आलं! चला, उतरा!”

तो हेडफोनवाला होता. मंडळ समेवर असं आदळलं, की तसं ते आधी कधी आदळलं नव्हतं आणि पुढे आदळेल अशी शक्यता नाही. दोघं जण तर पिशव्या घेऊन उभेही राहिले. टाळ्या बराच वेळ चालू होत्या. त्यांतल्या किती पैठणीसाठी होत्या, याची चौकशी आम्ही केली नाही.

नारळ, शाल आणि पाकीट मिळालं. बायको म्हणाली, “हे रोज? आणि लोक पास काढून ऐकतात?” तिच्या बोलण्यात कौतुक होतं असं मी धरून चाललोय.

पेटीवाला आवराआवर करता करता बुवांजवळ येऊन घुटमळला. तो उल्हासनगरला राहतो, हे तेव्हा कळलं. “बुवा, मागून तिसरा डबा ना? मी येऊ का? पेटी घेऊन?”

बुवांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मग पेटीला.

“पेटी रॅकवर बसेल,” बुवा म्हणाले. “तू उभा राहशील.”