व्हेनिसने एकदा वरठीला उतरावे

युरोपातले लोक हल्ली पाहुण्यांना फार वैतागले आहेत. बार्सिलोनावाल्यांनी २०२४ च्या जुलैत हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या, त्याही होळी नसताना. व्हेनिसने त्याच वर्षीच्या २५ एप्रिलपासून गर्दीच्या तारखांना दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट नावाच्या चिमुकल्या गावाने तर २०२३ मध्ये तळ्याकाठी चक्क लाकडी कुंपण ठोकलं, का, तर सेल्फीत मागचा देखावा येऊ नये!

आम्हा भंडारेकरांना याचं हसू येतं. पर्यटकाला लांब ठेवायला एवढा खटाटोप कशाला? आमचा जिल्हा हे काम पिढ्यान्‌पिढ्या, एक पैसा न घेता करतो आहे.

आता रेल्वेचंच बघा. 'भंडारा रोड' ही पाटी वाचून माणूस आनंदाने उतरतो आणि त्याला कळतं की ही वरठी आहे. भंडारा अजून दहाएक किलोमीटर. पहिली चाळणी इथेच लागते. त्यातूनही जो चिवट निघेल, त्याच्यासाठी पवनी आहे. वैनगंगेच्या काठचं दोन हजार वर्षांहून जुनं, तटबंदीचं गाव. १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा सांचीच्या तोडीचा स्तूप निघाला. सांचीला युनेस्कोने १९८९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घातलं आणि तेव्हापासून तिथे बिचाऱ्या दगडांना उसंत नाही. पवनीचा स्तूप मात्र निवांत आहे. वारसा जपायचा तर तो कुणाला सांगू नये, हे आम्हाला युनेस्कोच्या आधी कळलं होतं. व्हेनिसच्या महापौरांनी एकदा अभ्यासदौऱ्यावर यावं. उतरायची सोय वरठीला आहेच.

अर्थात भंडारेकर स्वतः पर्यटक होतो तेव्हा गोष्ट वेगळी. जिल्ह्याचे तालुके सात. त्यांतलं लाखांदूर ज्याने जन्मात पाहिलं नाही, तो दहा दिवसांत युरोपातले सात देश पाहून येतो. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी यंदा असे जाऊन आले. तेव्हापासून ते 'जबाबदार पर्यटन' या विषयावर बोलतात. विषय निघाला तर बोलतात आणि नाही निघाला तर आधी तो काढतात.

"अजी, काय ती शिस्त बाप्पा! ट्रेनमध्ये कोणी बोलत नाही, कोणी खात नाही!"

गुरुजी जाण्यापूर्वीपासूनच जबाबदार होते. माणशी ९० युरोची व्हिसा फी आणि तीस हजार युरोंचा विमा, हे सगळं जबाबदारीनेच भरलं. जबाबदार प्रवाशाने स्थानिक अन्न खावं, असं त्यांनी वाचलं होतं. तेही त्यांनी पाळलं. स्वित्झर्लंडात युंगफ्राउयोखला, समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटरवर, बाहेर बर्फ पडत असताना त्यांनी तिथल्या भारतीय हॉटेलात डाळभात खाल्ला. भात तिथेच शिजला होता, म्हणजे स्थानिकच! सोबत जवसाची चटणी घरून नेलेली. पुढे टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या चित्राशेजारी फोटो काढून स्थानिक संस्कृतीचाही परिचय करून घेतला.

राहता राहिला धूर. मुंबईहून विमानाने स्वित्झर्लंडला जाऊन यायचं म्हणजे माणशी टनाच्या आसपास कार्बन. आपल्या देशातला सरासरी माणूस अख्ख्या वर्षात दोनेक टनांत भागवतो. म्हणजे अर्ध्या वर्षाचा धूर दहा दिवसांच्या सहलीत. गुरुजींना याची टोचणी लागली नाही असं नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी हॉटेलात तोच टॉवेल दोनदा वापरला.

पण त्यांच्या प्रवचनाचा कळस म्हणजे जर्मनीतली बाटली. तिथे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की पंचवीस सेंट अनामत ठेवावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठीवर पैसे. पंचवीस सेंट म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. इथे भंडाऱ्याच्या बसस्थानकावर पाण्याने भरलेली लिटरची बाटली याहून कमी पैशांत मिळते आणि तिथे रिकामीच महाग! मग काय, गुरुजी आणि सोबत गेलेल्या काकूंनी गटातल्या सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या. बसमध्ये टाळ्या पडल्या. पर्यावरणाविषयी इतकी कळकळ त्यांना शाळेत पस्तीस वर्षं शिकवताना आली नव्हती. सरकारने तेव्हा खडूच्या तुकड्यावर अनामत ठेवली असती, तर जिल्हा कुठल्या कुठे गेला असता.

स्वित्झर्लंडात गाई रस्त्यावर आल्या की बस कशी थांबते, हॉर्न कसा वाजत नाही, हे गुरुजी डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ऐकणारेही माना डोलावतात. आता आमच्याकडे गाईचं कौतुक नाही, पण वाघीण आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, गोठणगाव भागात, एफ-२ वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन निघाली होती. सरत्या वर्षाला निरोप द्यायला आलेल्या मंडळींच्या जिप्स्यांनी पुढून-मागून तिची वाट अडवली. तिला पुढेही जाता येईना, मागेही. वाहतूककोंडीचा हा अनुभव तिला एरवी नागपूरला गेल्याशिवाय मिळाला नसता. चित्रफीत फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. ज्यांच्या मोबाइलसाठी गाड्या आडव्या घातल्या, त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो आले. जबाबदारीची अशी वाटणी युरोपातही झाली नसेल.

पण हे झालं जंगलाचं. जिल्ह्याचं खरं स्वप्न पाण्यावर आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटी. पुढे आकडा अठरा हजार कोटींवर गेला. त्या जलाशयात आता शंभर कोटींवरचं जलपर्यटन येणार, अशी घोषणा आहे. बोटी येतील, क्रूझ येईल. 'विदर्भाचं स्वित्झर्लंड' हे शब्द अजून कुणी उच्चारले नसतील, तर येत्या निवडणुकीपर्यंत उच्चारतील.

पॅरिसच्या सेन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. अब्जावर युरो ओतून त्यांनी आधी नदी धुतली आणि मग २०२५ च्या जुलैत लोकांना पाण्यात सोडलं. शंभर वर्षं वाया! आम्ही एवढे थांबत नाही. नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन निघते, कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि सगळं सावकाश गोसीखुर्दात येऊन विसावतं. नाग नदी शुद्ध करायच्या सुमारे १,९२७ कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी आहे. मंजुरी स्वच्छ आहे, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. काठच्या गावांची आणि ढिवरांची तक्रार पाण्याबद्दल आहे, पण जलपर्यटनात पाण्यावरून जायचं असतं, ते प्यायचं किंवा त्यात जाळं टाकायचं नसतं.

गुरुजींची सूचना अशी की व्हेनिससारखं आपणही प्रवेशशुल्क लावावं. लावावं जी, जरूर लावावं. शनिवार-रविवारी येणारा बहुतेक पर्यटक नागपूरचाच असणार. तेवढी नागपूरकरांना तिकिटात सवलत ठेवावी लागेल. ते स्वतः पोचण्याआधीच त्यांच्या घरचं पाणी इथे येऊन मुक्कामाला बसलेलं असतं.