काचेआडचे साहेब

नवी गाडी दारात आली की मायलेजचं नंतर बघू. आधी काचा किती काळ्या करायच्या ते ठरवायचं असतं. दुकानदार टक्क्यांत बोलतो. “पन्नासची मारू का दादा, की एकदम वीस?” टक्का जितका खाली, तितकी काच काळी आणि आत बसलेला माणूस तितका मोठा.

कायद्यालाही टक्के येतात. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. सूट फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या लोकांना. आमच्या तालुक्यातले झेड प्लसवाले तेव्हा कळले. बहुतेक गुंठामंत्री निघाले.

पुढे २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सुधारित नियमांत बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही म्हटलं. दुकानदारांनी त्यातलं ‘हरकत नाही’ तेवढं पाठ केलं.

नाक्यावर मामा अडवतात ते बाळाला ऊन लागू नये म्हणून जाळी लावलेल्या अल्टोला. काळ्याकुट्ट स्कॉर्पिओला नुसता सलाम, कारण आत कोण आहे ते दिसत नाही. तरी मागच्या काचेवर हातभर अक्षरांत नाव असतंच. रात्री रिव्हर्स घेताना मात्र साहेबांना काच खाली करून मुंडकं बाहेर काढावं लागतं, तेवढ्यात आम्ही बघून घेतो.