कात्रज ते आंबोली, बुडाच्या नजरेने

मोटारसायकल आरामदायी आहे की नाही हे शोरूममध्ये कळत नाही. तिथे गाडी उभी असते आणि गिऱ्हाईक खूश असते. खरी तपासणी पुण्याहून सातारा, कोल्हापूर, निपाणी, आंबोली करत गोव्याला जाताना होते. त्याहून कडक तपासणी रोज संध्याकाळी सिग्नलला होते. एकाच गाडीने दोन्हींत पास व्हायचे, ही खरी अडचण.

सुरुवात वजनापासून करावी. स्प्लेंडर साधारण 112 किलोची, क्लासिक 350 ही 195 किलोची. हा फरक हायवेवर फारसा जाणवत नाही; सोसायटीच्या उतारावरून गाडी उलटी ओढताना मात्र वॉचमनलाही जाणवतो. सीटची उंचीही महत्त्वाची. क्लासिकची 805 मिलिमीटर, मीटिअरची 765. कात्रजच्या गर्दीत दोन्ही पाय नीट टेकले, तर बाकीची वैशिष्ट्ये वाचायला सवड मिळते.

कात्रजचा बोगदा ओलांडून रस्ता मोकळा झाला की वारा बोलू लागतो. वेग ताशी 40 वरून 80 वर नेला की वाऱ्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताठ बसणाऱ्याच्या छातीवर तो सारा येतो, म्हणून लांबच्या प्रवासाला पुढची काच उपयोगी पडते. शहरात तिचा उपयोग बहुधा धूळ पुसण्यापुरता.

बसण्याच्या पद्धतीत मात्र खरी गोम आहे. क्रूझरवर पाय लांब सोडून बसलेला माणूस जहागीरदार दिसतो. ही जहागिरी कराडपर्यंत टिकते. पाय पुढे असल्याने खड्डा आला तरी बूड उचलता येत नाही. सगळा दणका माकडहाडाला. स्पोर्ट्‌स बाईकवर उलटा प्रकार: भार मनगटांवर येतो आणि कोल्हापुरात तांबड्या रश्श्याची वाटी उचलताना हात थरथरतो. पाय जवळजवळ बुडाखाली, पाठ सरळ, हँडल रुंद अशी साधी बैठकच दोन्हीकडे चालते. ती फोटोत काही खास दिसत नाही, म्हणून तिचा खप वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यावर अवलंबून.

बोटाने दाबून मऊ लागलेल्या सीटवर फार विश्वास ठेवू नये. दोन तासांत फोम दबतो आणि खालचा पत्रा ओळख सांगू लागतो. थोडी कडक, पण रुंद सीट बरी.

मागे बसणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 त्याला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आडोसा देतो. गादीबद्दल तो मौन पाळतो. डबलसीट आणि वर सामान असेल तर मागचे शॉकअप टाइट करून घ्यावे, टायरमधली हवा वाढवावी. कंपनीने शॉकअपची ही सोय बहुतेक गाड्यांत दिलेली असते आणि बहुतेक मालक ती गाडी विकेपर्यंत वापरत नाहीत.

आंबोलीच्या वळणांवर बुटक्या क्रूझरचे फूटरेस्ट रस्त्याला घासू शकतात; उंच गाडी इथे निवांत उतरते. सावंतवाडीला पोहोचल्यावर पाठ कोणाची दुखते, हे ऐकण्याऐवजी खरेदीआधीच टेस्ट राइड घ्यावी: दोघांनी, तासभर, निदान एका स्पीडब्रेकरसह. सेल्समन पेट्रोल पंपापर्यंतची एक चक्कर सुचवतो. त्याला स्वतःला गोव्याला जायचे नसते.