लोणारची फेरी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उल्केने पाडलेला खड्डा आहे. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली १३० मीटरच्या वर, तळाशी खारं तळं. त्या तळ्याला पायी वळसा घालण्याची रीत पुढीलप्रमाणे.

१. अनुभव घरी ठेवा. गडावर आधी चढायचं असतं, मग दमलेल्या माणसाच्या वाट्याला उतार येतो. लोणारला सगळं उलटं. ताज्या पायांनी आणि भरल्या बाटलीने झपाझप उतरायचं. चढ येतो तो परतताना, बाटली रिकामी आणि काळा दगड तापलेला असताना. हे ऐनवेळी कळण्यात खरी मौज आहे, म्हणून कुणाला आधी विचारू नका. पोहे, चहा आणि दुसरा चहा उरकून साडेदहाला निघा.

२. पाण्याची चिंता करू नका. उतरायच्या आधी धार लागते. गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडत असतं. तिथे फोटो काढा आणि ‘खाली अख्खं तळं आहे की!’ म्हणत पुढे व्हा.

३. तळ्याची ओळख करून घ्या. ती आधी नाकाला होते, कुजक्या अंड्यांच्या वासाने. पाणी खारट तर आहेच, शिवाय त्याचा सामू दहाच्या आसपास. गाइड तळहातावर चिमूटभर हळद घेतो, वर तळ्याचे दोन थेंब टाकतो आणि पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल होते. अशा वेळी गटातल्या एखाद्या मावशींनी ‘यात काय, हळदीच्या डागाला साबण लावला की असंच होतं’ असं म्हणणं आवश्यक आहे. मावशींचं रसायनशास्त्र अचूक असतं. गाइडचा चेहरा मात्र पडतो.

४. वाट चुकणार नाही अशी खात्री बाळगा. गोल तळ्याच्या काठाने कोण चुकतं? पाणी एका हाताला ठेवलं की झालं. थोड्या वेळाने वाट बाभळीत शिरते, पाणी दिसेनासं होतं आणि हात दोन्ही बाजूंनी ओरबाडले जातात. मग ‘जवळचा रस्ता’ म्हणून थेट काठावर उतरा. वाळलेला पांढरट पापुद्रा पक्का वाटतो. पाय ठेवला की घोटाभर चिखल. या मोहिमेला सँडल उत्तम, एक तरी तिथेच राहते.

५. उल्का शोधा. चुंबक फिरवला की मातीतले काळे कण त्याला चिकटतात. ‘सापडली!’ म्हणून ओरडा. बसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं, ही गोष्ट आनंद ओसरल्यावर वाचावी. दगड खिशात मात्र घालू नका. हे अभयारण्य आहे.

६. देवदर्शन. झाडीत जुनी देवळं आहेत. आत शिरताना मोबाइलचा उजेड सरळ छताकडे मारा, म्हणजे वटवाघळांनाही तुम्ही आल्याचं कळेल. कमळजा देवीजवळ सासू-सुनेची विहीर सांगतात : एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. तळं चढलेलं असलं तर ती दिसत नाही. दिसली तर खारट बाजू कुणाची, हे विवाहितांनी मोठ्याने ठरवू नये.

७. ‘गुलाबी कधी होतं?’ हे विचाराच. जून २०२० मध्ये झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं, खारात वाढणारे सूक्ष्मजीव. आता जे आहे ते हिरवट आहे. गाइडने जणू रंग दडवून ठेवलाय, असा चेहरा करा.

८. वर आल्यावर. किती चाललात, हे लोक विचारतील. आकडा सांगताना कचरू नका. याच विवराचं वय एका पद्धतीने ५२ हजार वर्षं निघालं होतं. पुढे आर्गॉन पद्धतीने मोजलं तेव्हा ५ लाख ७० हजार. प्रयोगशाळांच्या हिशेबात दहापटीहून जास्त फरक पडू शकतो, तर तुमच्या चारपाच किलोमीटरांचे पंधरा झाले म्हणून काय बिघडलं? पद्धत विचारलीच, तर सांगा : शेवटच्या चढावरून मोजलंय.